खिडकीतून दिसलं ना, झालं तर मग!

देश कसा बघावा याबद्दल दादाचं मत पक्कं होतं. देश गाडीतून बघावा. फारच वाटलं तर काच खाली करावी आणि गारठा आत आला की लगेच वर करावी. धबधबा असो, किल्ला असो, नाहीतर लोक लांबून लांबून येऊन ज्याच्या काठावर तासन्‌तास बसतात असा तलाव असो, दादा वेग कमी करायचा, मान वाकडी करून एकदा बघायचा आणि म्हणायचा, "खिडकीतून दिसलं ना? झालं तर मग!" की गाडी पुढच्या धबधब्याच्या वाटेला.

हा दादा म्हणजे ठकूचा मावसभाऊ. ठकू हे घरातलं नाव. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर तिचं भलंमोठं दुसरं नाव होतं, पण ते तिथल्या लोकांना उच्चारता येत नसे आणि घरच्यांना आठवत नसे. ती परदेशात भूगर्भशास्त्र शिकायला, म्हणजे मावशीच्या शब्दांत "दगडं फोडायला" आली, आणि विमानातून उतरण्याआधीच तिच्या शनिवार-रविवारांचं वाटप होऊन गेलेलं होतं. मावशीने लेकाला फोनवर बजावलं होतं, "पोर एकटी आहे. सुट्टीच्या दिवशी खोलीत कुढत बसू देऊ नकोस तिला. फिरव जरा." लेक आज्ञाधारक. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या दारात दादाची राखाडी गाडी उभी राही आणि हॉर्न वाजे. ठकू खिडकीत दिसेपर्यंत वाजत राही. वसतिगृहातल्या मुली तिला "ती हॉर्नवाली" म्हणूनच ओळखू लागल्या होत्या.

गाडीत पुढे दादा, शेजारी वहिनी, वहिनीच्या मांडीवर डब्यांची पिशवी, आणि मागे ठकू आणि कुकर. होय, कुकर. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं असा वहिनीचा सिद्धांत होता आणि तो तपासून बघायची वेळ तिने स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. सहलीच्या जागी एखादं बाक दिसलं की वहिनी छोटी शेगडी मांडायची, कुकर चढवायची, आणि डोंगरातल्या त्या शांततेत शिट्टी वाजली की आसपासची माणसं दचकून मुलाबाळांना जवळ घ्यायची. ठकू तेव्हा झाडाच्या मागे जाऊन उभी राहायची. आपण यांच्यातल्या नाही असं दाखवायचा तो एकच मार्ग होता, आणि वहिनी तोही बंद करायची. "ठकूऽ, भात झाला गं!"

या सगळ्यावर कडी म्हणजे मावशी. मावशी तिकडे घरी पलंगावर बसून ही अख्खी सहल फोनवर बघायची. दादा खिडकीतून हात बाहेर काढून फोन समुद्राकडे धरायचा.

"हे बघ आई, समुद्र!"

"छान आहे. जेवलात का?"

एकदा फोन उलटा धरला गेला आणि मावशीला समुद्राऐवजी दादाच्या नाकपुड्या दिसत राहिल्या. तरी मावशी म्हणालीच, "छान आहे. जेवलात का?" ठकूला वाटलं, या घराण्याला चंद्रावर नेऊन सोडलं तरी हे आधी सावली कुठे आहे ते बघतील आणि डबा सोडतील.

बरं, गाडीतून उतरायचं काम पडलंच तर ते ठकूकडे. गाडी कुठे लावायची, तिकीट कुठे मिळतं, स्वच्छतागृह कुठे आहे, रस्ता पुढे बंद आहे की काय, हे सगळं विचारायला दादा तिलाच पिटाळायचा. "जा, तू विचारून ये. तेवढीच तुझी भाषा सुधारेल." ती पावसावाऱ्यात विचारून यायची आणि दादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचा, "मला वाटलंच होतं." इथे येऊन इतकी वर्षं झाली, मोठ्या कंपनीत नोकरी, स्वतःचं घर, आणि एवढा आळस! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं ठकूचं ठाम मत झालं.

एरवी तिने हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी एक काम होतं आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कडा नेमून दिलेला होता. त्या कड्याच्या थराथरातले दगड स्वतः काढायचे, कुठला दगड किती उंचीवर, कुठल्या थरात सापडला ते ठरवून त्यावर आकडा घालायचा, आणि हा कडा कसकसा घडत गेला ते सांगायचं. काम पसंतीला उतरलं तर दुसऱ्या वर्षाला जागा. नाही उतरलं तर चंबूगबाळं आवरून घरी. वडिलांनी "पोरगी कशाला हवी दगडधोंड्यांत" म्हणणाऱ्या सगळ्या काका-मामांशी भांडून तिला पाठवलं होतं. तिने परत जायचं म्हणजे काका-मामांनी टाळ्या पिटायच्या.

ठकूचा कडा समुद्राकाठी होता, बसने सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचता येईल असा. ती दादाला म्हणाली, "दादा, आता शनिवारी मी तिकडे एकटी जाईन."

"एकटी कशाला? आम्ही नेतो की!"

भीक नको पण कुत्रं आवर, असं मोठ्या भावाला सांगता येत नाही. दादा नेऊ लागला. पण थेट नेईल तर तो दादा कसला? वाटेत एक बाग, एक पूल, एक पवनचक्की, मग कुकर, मग मावशी, आणि सगळं उरकून कड्याशी पोचेपर्यंत ऊन कललेलं. ठकू हातोडी घेऊन धावत सुटायची. एका थरापर्यंत पोचते न पोचते तोच खालून हॉर्न. दादा गाडीतच असायचा, काचा वर. वहिनी खिडकीतून ओरडायची, "अगं, तिथे बघ खाली एवढे पडलेत की! घे उचलून चांगले चांगले!"

चांगले चांगले! जणू ती मंडईत आली होती.

तरी असं तोडून मोडून, शनिवारमागून शनिवार, तिने काम रेटलं. प्रत्येक दगडावर काळ्या शाईने आकडा, तोच आकडा कापडी पिशवीवर, तोच तिच्या टिपणांत. वसतिगृहाच्या खोलीत दोन पलंग आणि दोन मुलींचं सामान मावता मावता पुरेवाट व्हायची, म्हणून पिशव्या दादाच्या घरी ठेवल्या. दादा स्वतः म्हणाला, "आमच्याकडे ठेव. हात नाही लावणार कोणी." शब्द दिला त्याने. वहिनीला सांगायचं मात्र विसरला.

काम दाखवायच्या आदल्या रविवारी ठकू पिशव्या न्यायला गेली. दारातच वहिनीने तिचे डोळे झाकले. "थांब, थांब. उघडायचे नाहीत हं!" असं म्हणत तिला घरातून चालवत सज्जात नेलं आणि हात काढले.

सज्जात फुलझाडांच्या कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीभोवती ठकूचा कडा मांडलेला होता. लहान दगड पुढे, मोठे मागे, रंगाला रंग लावून, आणि सगळे असे चकचकीत की ऊन त्यांच्यावरून घसरत होतं.

"दोन दिवस लागले," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "काय माती होती गं त्यांच्यावर! आणि कुणीतरी काळ्या शाईने आकडे घातलेले. ते काही केल्या निघेनात. शेवटी भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेतली."

ठकूने एक दगड उचलून उलटसुलट करून बघितला. मग ती म्हणाली, "आणि पिशव्या?"

"त्या धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवल्यात. चांगल्या जाड पिशव्या, टाकायच्या कशाला?"

असा घात शत्रू करू शकत नाही. शत्रू फार तर दगड चोरेल. नंबर घासून काढायचे आणि वर पिशव्या धुऊन घड्या घालायच्या, याला आपलंच माणूस लागतं. ठकूच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण वहिनीची बोटं घासून घासून लाल झाली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या, आणि ती विचारत होती, "तुला आवडलं नाही का?" ठकू कुंड्यांसमोर खाली बसली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात दादा आला. काय झालं ते ऐकलं आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागला. "हात्तिच्या! एवढंच ना? घाल परत आकडे. एक, दोन, तीन, चार. दगड काय तक्रार करणार आहे?"

"दादा, कुठला दगड कुठला आहे, तेच तर काम आहे."

"तुझ्या बाईंना तरी काय कळणार? त्या काय वर चढून बघणार आहेत?"

दगड भरून ठकू खोलीवर आली. पलंगावर वर्तमानपत्र पसरून तिने ते मांडले. सगळ्यात खालच्या थरातले तांबडे ओळखू येत होते, वरचे पांढरेही. पण सगळी मेख मधल्या करड्या थरांत होती, आणि ते करडे दगड म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तिने शाईचं पेन उघडलं. एका करड्या दगडावर एक आकडा घातलासुद्धा. अंदाजाने. बाईंना खरंच कळलं नसतं, दादा तेवढ्यापुरता बरोबर होता. दादा बरोबर आहे हे जाणवलं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने आकडा ओला असतानाच अंगठ्याने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. बाई म्हणजे तिच्या प्राध्यापिका, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भांड्यांचा साबण?" त्यांनी विचारलं.

"हो."

बाई उठून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हसू दाबत असाव्यात. मग वळल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सकाळी. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

मधले दिवस वर्गांचे, म्हणजे हातात एक शनिवार आणि एक रविवार. महिनोन्‌महिन्यांचं काम दोन दिवसांत. कड्याजवळ मुक्कामाला एक खोली मिळत होती, ती ठकूने ठरवली, आणि दादाला फोन करून साफ सांगितलं, "या शनिवारी येऊ नकोस. मी बसने जाणार आहे."

"बरं बरं," दादा म्हणाला. दादाचं "बरं बरं" म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी हॉर्न वाजला. ठकू पाठीवर पिशवी आणि हातात हातोडी घेऊन खाली उतरली, गाडीकडे न बघता बसथांब्याकडे चालू लागली. गाडी तिच्या बाजूने हळूहळू सरकू लागली. हॉर्न चालूच. वहिनी काच खाली करून, "अगं बस ना, बस ना," म्हणत होती. येणारेजाणारे बघत होते. बाजूने वरात निघाल्यासारखी ही मंडळी थांब्यापर्यंत आली. गाडी कडेला लागली आणि दादा चक्क खाली उतरला.

ठकूने त्याला असा भर रस्त्यात उभा कधी बघितलाच नव्हता. गाडीत बसलेला दादा मोठा वाटायचा. इथे तो दोन्ही हात खिशात घालून, खांदे पाडून उभा होता आणि जवळून कुणी गेलं की अंग चोरत होता.

"गाडीत बस, ठकू. लोक बघतायत."

"बघू देत."

"या वेळी थेट नेतो. बाग नाही, पूल नाही, काही नाही. आईची शप्पथ."

"नको."

"आईला काय सांगू मी?"

आणि ठकूचा बांध फुटला. "सांग, ठकू एकटी गेली म्हणून! इतके महिने फिरवलंस मला दादा, पण एकदा तरी कुठे पोचू दिलंस? गाडीतून उतरायचा तुला कंटाळा. दोन शब्द विचारायचा कंटाळा. सगळं मी विचारायचं, आणि वर तुझे उपकार! माझं वर्ष वाया जायची वेळ आली, तर म्हणे घाल कुठलाही आकडा. इतका आळशी माणूस मी जन्मात बघितला नाही!"

 उत्तर आलं ते वहिनीचं, गाडीच्या खिडकीतून.

"ते आळशी नाहीत गं."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"बसलेच होते की इतकी वर्षं." वहिनी दार उघडून बाहेर आली. "तू यायच्या आधी आम्ही कुठेच गेलो नव्हतो, ठकू. ऑफिस आणि घर. ऑफिसातही सगळी आपलीच माणसं, आपलीच भाषा. सामान आणायचं तेही अशा दुकानातून, की जिथे कुणाशी बोलावं लागत नाही. अगदी सुरुवातीला एकदा गाडी लावताना तिथल्या माणसाने यांना काहीतरी विचारलं. यांना कळलं नाही. यांनी काहीतरी उत्तर दिलं. मागे उभे असलेले सगळे हसले. तेव्हापासून जवळपास माणूस दिसला की हे काच खाली करत नाहीत."

"पुरे," दादा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"आई तिकडून विचारायच्या, काय काय बघितलंत? हे इंटरनेटवरून कुठले कुठले फोटो उतरवून पाठवायचे. हा डोंगर, तो तलाव. तू आलीस तेव्हा यांनी आईंना पहिल्यांदा खरा समुद्र दाखवला. मी पण तेव्हाच बघितला."

"जा, तू विचारून ये," हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात दादाला चार शिव्या हासडल्या होत्या. तिला वाटत होतं, हा मला सोबत करतोय आणि त्याचं ओझं माझ्यावर टाकतोय. सोबत तीच त्याला करत होती. आणि हे तिच्या, थरात थर ओळखणाऱ्या हुशार डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिला दादाची कीव आली, आणि राग काही गेला नाही.

वळणावर बस दिसली.

दादा घसा खाकरून म्हणाला, "तिकीट आत मिळतं, की आधी काढावं लागतं?"

"आत."

"मी येऊ?" तो घाईघाईने बोलू लागला. "ही घरी जाईल, हिला येते गाडी चालवता. मी एकटाच येतो. तुला त्रास नाही देणार. खाली बसून राहीन. दगडांना हात लावणार नाही. आईलाही फोन लावणार नाही. मला नुसतं बघायचंय, कसं जातात ते."

वहिनी दोघांकडे बघत होती. तिने डब्यांच्या पिशवीतून एक डबा काढून दादाच्या हातात दिलासुद्धा.

बस थांबली, दार उघडलं. ठकू चढली. तिच्या मागे दादाने पायरीवर एक पाय ठेवला आणि डबा छातीशी धरून तो थांबला, ती काय सांगते याची वाट बघत. ठकूच्या डोळ्यांपुढे करडे दगड आले, ऊन कललेलं दिसलं, खालून येणारा हॉर्न ऐकू आला. हा येणार. खाली बसतो म्हणणार आणि तासाभराने वर हाक मारणार. याला भूक लागणार, याला परत कधी निघायचं ते विचारायचं असणार, याला कुणी काही विचारलं तर तिला धावत खाली यावं लागणार. सोमवार सकाळ. काका-मामांच्या टाळ्या.

चालकाने तिच्याकडे आणि तिच्या मागे पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं आणि तिथल्या भाषेत विचारलं, "किती जण?"

"एक," ठकू म्हणाली.

बाकी भाषा येत नसली तरी आकडे दादाला येत होते. त्याने पायरीवरचा पाय खाली घेतला आणि दार लागावं म्हणून तो थोडा मागे सरकला.